बूट येथे काढावेत

८ मे १९८९, सोमवार
वाडीच्या आमच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात एकच एसी. तो कॉम्प्युटरसाठी, आणि कॉम्प्युटर माझ्यासाठी. बाकीचे बाहेर टिनाखाली भाजून राहिले. भाजोत.
मागच्या आठवड्यात मी मशीन चालवणारा नवा डॉस ४ चढवला, तेव्हापासून बिल्टीचा, म्हणजे ट्रकच्या मालाच्या पावतीचा, प्रोग्राम चालत नाही. म्हणे मेमरी कमी. मूर्ख मशीन! मालक नानाजी आज रायपूरला गेले. जाताना सगळ्यांसमोर म्हणाले, पुढच्या सोमवारी आलो की बिल्टी छापून दाखव, नाहीतर गोदामात वजनकाट्यावर बस. ही काय बोलायची रीत झाली?
निश्चय: जुना डॉस परत आणणे.

९ मे
कळमन्याला जाऊन आलो. तिथे एका अडत्याकडे चंद्रभान कॉम्प्युटर चालवतो. त्याच्या मशीनवर जुन्या डॉसची बूट फ्लॉपी करून घेतली. ही घातली की मशीन जुन्या डॉसवर सुरू होते. चंद्रभान म्हणाला, दोन करून ने गा, एखादी खराब होते. मले अक्कल शिकवून राहिला! एकच आणली.

१० मे
इंदूबाई झाडायला चपलांसकट केबिनमध्ये! धुळीने मशीन मरते, किती वेळा सांगू? बाहेर चपलांची फळी ठेवली आहे ती काय देव मांडायला? ती म्हणे, लोकायले समजत नाही साहेब, पाटी लावा. म्हटलं, तूच लाव, मी काय पेंटर आहे?
ही बाई हल्ली साक्षरता वर्गात जाते. दिसेल ते मोठ्याने वाचते. डोक्याला ताप.

१३ मे, शनिवार
डॉस ४ हाकलला. हार्ड डिस्क कोरी केली. आता सोमवारी नानाजींसमोर फ्लॉपी घालीन आणि सगळं उभं करीन. तोंडात बोटं घालतील लेकाचे.
फ्लॉपीवर स्केचपेनने ठळक लिहिलं: बूट. मराठीतच. इंग्रजी इथे वाचतो कोण? टेबलावर ठेवली.

१५ मे, सोमवार
फ्लॉपी गायब. ड्रॉवर उपसले, सगळ्यांवर ओरडलो, चंद्रभानवर चोरीचा आळ घेतला. नानाजी चिडून निघाले. चपला घालायला फळीपाशी गेले आणि तिथूनच मला हाक मारली.
फळीच्या वर, भिंतीवर, माझी फ्लॉपी. एक खिळा मधल्या भोकात. हालू नये म्हणून आजूबाजूला आणखी तीन, आरपार. इंदूबाई खुशीत. म्हणे, तुम्हीच त म्हटलं होतं लाव म्हणून, अन् पाटीबी लिवून ठेवली होती!
सगळे हसले. नानाजीसुद्धा. निर्लज्ज ऑफिस.

१८ मे
नानाजींनी चंद्रभानला बोलावलं. त्याने आपली फ्लॉपी घातली, बिल्टीचा प्रोग्राम परत चढवला. दुपारपर्यंत बिल्ट्या खडखड छापून निघाल्या. माझ्याच आयडियेने. पण केबिन त्याला, काटा मला. तात्पुरतं आहे. नानाजींना चूक कळेल.

२२ मे
गोदामात माणूस शिजतो. चंद्रभानच्या चार चुका दाखवाव्या, जमलं तर तिथेच बसावं, म्हणून केबिनकडे गेलो. दारात इंदूबाई आडवी. म्हणे, पाटी वाचता येत नाही का साहेब? अक्षर त तुमचंच हाये.
काढले.