डावी बाजू

पारोळा,
मार्गशीर्ष वद्य पंचमी, शके १८६०

प्रिय चुडामण,

तुझे पत्र पोचले. वना अजून धुळ्याच्या इस्पितळात आहे. त्याचा पाय गुडघ्याखाली कापला, हे तू लिहिले नाहीस. मला ते त्याच्या बायकोकडून, सुंदरबाईकडून कळले.

तुझे मोटारीचे लायसन निघायचे होते तेव्हा ओट्यावर बसून तू मला नियम म्हणून दाखवायचास. मोटार डाव्या अंगाने चालवावी. पुढच्याने हात केल्याशिवाय मागच्याने उजवीकडून पुढे जाऊ नये. पुढच्याने समोरची सडक मोकळी पाहिल्याशिवाय हात करू नये. ‘डावा’ म्हणताना तुझा उजवा हात उठायचा आणि मी हसायची. परीक्षा झाली, नियम ओट्यावरच राहिले. आता तू मधोमध चालवतोस, कारण पारोळ्याला आधी पोचणाऱ्याला एरंडोलला जाणारे उतारू मिळतात. वनाची मोटार मागून भोंगा वाजवत राहते आणि तू म्हणतोस, ‘वाजाडू दे, त्यानं पोट दुखी ऱ्हायनं.’ उतारू हसतात. मीही हसले आहे.

त्या दिवशी मी तुझ्याच पाठीमागच्या बाकावर होते. फागणे सोडल्यावर वनाचा भोंगा वाजला आणि तू डावीकडे झालास. आपणहून. मला बरे वाटले. म्हटले, भाऊ शहाणा झाला. त्या बरे वाटण्याचीच आता शंका येते. मग तुझा उजवा हात बाहेर गेला आणि मागच्याला ‘पुढे ये’ म्हणतात तसा हलला. वना उजवीकडून निघाला. समोरून आपल्या बांधाशेजारच्या उखर्डूची बैलगाडी येत होती. बैल वाचवायला वनाने मोटार निंबाच्या झाडावर घातली.

फौजदारापुढे तू म्हणालास, तो हात उखर्डूला राम राम होता. वनाने भलताच अर्थ घेतला. पत्रातही तेच आहे. उखर्डू काल बाजारात भेटला. बांधाच्या भांडणापासून तुमचे बोलणे नाही, म्हणून मी सहज विचारले. तो म्हणाला, ‘अक्का, माले दखीसन तोंड फिरावस तो, राम राम कसाना करस!’

सोमवारी कोर्टात मी तुझ्या राम रामाची साक्ष द्यावी, अशी तुझी इच्छा आहे. मी दिली तर पाय गेलेल्या वनावर गुन्हाही बसेल. हात नकळत हलला, असे तू म्हणाला असतास तर मी मानले असते. पण राम राम करायला समोरचा माणूस दिसावा लागतो. म्हणजे गाडी तुला दिसली होती. मी सोमवारी येते. विचारतील तेव्हा हात कसा हलला ते करून दाखवीन. माझ्या आधी तुझा पुकारा होईल. तेव्हा तुला स्वतःच खरे सांगता येईल, म्हणून हे पत्र.

अजून तुझीच,
अक्का