दोनशे सभासदांपर्यंत

१० ऑक्टोबर, सोमवार

बाबांचा अर्ज आला. माझ्याच टेबलावर! आमच्या गावचं, फ्रानेकरचं निसर्गमंडळ, चिटणीस बाउके गालामा, सभासद – ४१२. चारशे बारा?? बैठकीला पंधरा डोकी जमली की बाबा हर्षाने दुसरी किटली चढवतात.

जानेवारीपासून आमच्या प्रकाशन-कंपनीची सगळी संशोधन-नियतकालिकं छापणं बंद, फक्त ऑनलाइन. दर संस्थेच्या सभासदसंख्येवर. दोनशेपर्यंत वर्षाला ६४० युरो, चारशेपर्यंत १४८०, त्यापुढे २९००. हा तक्ता मीच बनवलाय. उन्हाळाभर खपले, शाबासकीही घेतली. मंडळाकडे वर्षाचे सगळे मिळून सातशे युरो असतात, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

संध्याकाळी फोन केला. म्हणाले, "एक पाव दोघांनी खाल्ला काय नि दहांनी, बेकर तेवढेच पैसे घेतो. तुला कुठल्या शाळेने शिकवलं गं हे?"

"तुम्हीच घातलेल्या."

खो खो हसले. मग खोकले. मग म्हणाले, "शनिवारी ये."

१५ ऑक्टोबर, शनिवार

लेक तीन तास गाडीत बसून आली, तरी कॉफीबरोबर एकच बिस्कीट, आणि डबा लगेच कपाटात! हे घर बदलायचं नाही.

सभासदांची वही काढली. सात पानांनंतर मला संशय आला.

"बाबा, हे वॉलिंगा कोण?"

"गेले. त्र्याऐंशी साली."

"मग यादीत कसे?"

"सभासद आहेत ना."

"वर्गणी?"

"ती हल्ली देत नाहीत."

चेहरा अगदी सरळ! मंडळाची रीतच आहे म्हणे – मेला म्हणून कोणाचं नाव खोडत नाहीत. बैठकीला येत नाही एवढंच. आणि माझ्या वडिलांनी अर्जातला रकाना इमानेइतबारे वही मोजून भरला. अर्धी संस्था कबरस्तानात, आणि तिलाही आम्ही दर लावतोय.

हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. पण बाबा हसत नव्हते. एकवीस वर्षं ते गावाच्या कालव्यांतले पाणकिडे मोजताहेत. गुरुवारी मंडळाच्या खोलीत जायचं, आमचं मासिक उघडायचं, इतरांचे आकडे आपल्या आकड्यांशी ताडून बघायचे. आई गेल्यावर त्या गुरुवारांनीच त्यांना उभं ठेवलं. ते बंद पडलं तर बाबांचं काय होईल, मला विचार करवत नाही.

१९ ऑक्टोबर, बुधवार

रेनाउट – माझे साहेब – म्हणाले, "हे बघ, यादीत नाव तो वाचक. कोण मेलं, कोण जगलं ते आपण ठरवत बसायचं नाही. सही केलेली यादी पंधरा नोव्हेंबरपर्यंत. यादीत नाव असेल त्यालाच मासिक उघडेल. आणि तुझे वडील आहेत तेव्हा फाइल माझ्याकडे."

मी चिडले. पण नियम माझ्याच हातचा.

बाबांना सांगितलं, मेलेल्यांची वेगळी वही करा. फोनवर वहीची पानं उलटल्याचा आवाज. मग, "विचारून बघतो."

"कोणाला?"

"घरच्यांना. न विचारता कसं खोडायचं?"

२९ ऑक्टोबर, शनिवार

सायकलवरून दारोदार फिरताहेत! अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, या वाऱ्यात! रोज फोनवर बातमीपत्र. एकाने वाटाण्याचं सूप पाजलं. एकाने दारातूनच "कोणते काका?" म्हणून विचारलं. मंडळातल्याच आक्केबाई आपल्या नवऱ्याच्या नावाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "खोडा. पण पेन्सिलीने खोडा."

बाबांनी पेन्सिलीने खोडलं. नंतरची सगळीच पेन्सिलीने.

किती आवडतो मला हा म्हातारा!

६ नोव्हेंबर, रविवार

"झालं," म्हणाले. "दोनशे अकरा खोडले. दोनशे एक राहिले."

"एकच जास्त? नीट बघा, एखादं सुटलं असेल."

"सुटलं नाही."

मग कळलं मला. नीन्के गालामा. आई.

"बाबा, आईला काही वाटलं नसतं. तिने स्वतःच फर्रकन रेघ मारली असती."

"तिला नसतं वाटलं. मला वाटतं." मग म्हणाले, "सगळ्यांच्या घरी जाऊन विचारलं गं. इथे कोणाला विचारू?"

शेवटी म्हटलं, वरचे आठशे चाळीस मी भरते. तर उसळलेच! "तुझ्या कंपनीचं गिऱ्हाईक राहावं म्हणून तू पैसे भरणार? आणि कोणी बोट दाखवलं म्हणजे? नोकरी गेली तर माझ्या पेन्शनीत दोघांचं भागायचं नाही, मॅनेजरीणबाई."

एका नावापायी. तक्ता करताना मी दोनशेवर रेघ का ओढली? आकडा गोल दिसतो म्हणून. दुसरं काहीही कारण नव्हतं.

९ नोव्हेंबर, बुधवार

बाबा फोन उचलत नाहीत. शेजारणीला विचारलं. म्हणाली, ठीक आहेत, आक्केबाईंकडे गेलेत, वही घेऊन.

११ नोव्हेंबर, शुक्रवार

उचलला! आवाज खुशीत. पाणकिड्यांबद्दल अर्धा तास. यादीचं विचारलं तर, "होईल गं, तू जेवलीस का?" नक्की आईचं नाव खोडलं असणार. बरं झालं म्हणावं तर तेही म्हणवत नाही. मी रडले ते त्यांना कळू दिलं नाही.

१५ नोव्हेंबर, मंगळवार

यादी आली. रेनाउट स्वतः माझ्या टेबलाशी घेऊन आले – "बरोबर दोनशे. सहाशे चाळीस. जमवलं की तुझ्या वडिलांनी!"

गालामा शोधलं. एकच आहे. नीन्के.

खाली चिटणीस म्हणून सही आक्केबाईंची. बाबांचं नाव कुठेच नाही.