पुढच्या दाराच्या पायऱ्या

शॅग कोव्ह, मंगळवार (धुक्यामुळे बुधवारही असू शकेल)

चि. फिलोमिना हिला ॲम्ब्रोजदादाचे पोटभर आशीर्वाद.

मी खुशाल आहे. हे वाक्य रीत म्हणून लिहिलेलं नाही, मुद्दाम लिहिलं आहे. तुझ्या कानावर वेगळं काही आलं असेल तर ते खोटं आहे. मी मरत नाहीये. तुझे गुडघे, गॉर्डनरावांचं पित्त आणि कॅलगरीची हवा ठीक असेलच.

गॉर्डनराव पहिल्यांदाच आपल्याकडे येताहेत, तेव्हा डोंगर आणि समुद्र यांच्या कचाट्यात सापडलेल्या मुलखात कसं फिरावं याच्या चार सूचना पाठव, असं तू लिहिलंस. खाली बारीक अक्षरात हेही लिहिलंस की, त्यांना संकोच वाटतो म्हणून तुम्ही कॉर्नर ब्रुकच्या हॉटेलात उतरणार. फिलू, माहेरी येऊन हॉटेलात! वाचून घास घशातच अडकला. (खारवलेला कॉड मासा होता, काटाही असेल.) ते हॉटेल रद्द करवायचंच, असं मी त्याच पाटावर, म्हणजे खुर्चीवर, ठरवलं.

तर सूचना. विमानतळापासून गाडी दिवसाउजेडी हाका. तिन्हीसांजेला मूस, म्हणजे ते घोड्याहून थोराड सांबर, रस्त्यात येऊन उभा राहतो आणि हॉर्न वाजवला तर हलत नाही, विचार करत बसतो. मागे मी एकाची इंजिन बंद करून बराच वेळ समजूत घातली. तो पटून निघून गेला, आणि मग गाडी चालू होईना. दुसरं, डोंगर दिसला की लगेच बघून घ्यावा, चहा झाल्यावर बघू म्हणू नये. माझा जन्म इथे गेला, तरी गेल्या महिन्यात मी काही पाहुण्यांना धुक्यातलं शिखर हात करून दाखवत होतो. त्यांनी फोटोही काढले. धुकं उठल्यावर कळलं की मी समुद्राकडे हात केला होता. (त्यांनी आभार मानले. शहरातली माणसं फार सभ्य.)

तिसरी सूचना मात्र मलाच महागात पडली. आपल्याकडे कुणाचंही दार वाजवायचं नाही, मागच्या दाराने सरळ स्वयंपाकघरात शिरायचं, हे तुला सांगायला नको. पण तू म्हणतेस की गॉर्डनराव पुढचं दार वाजवल्याशिवाय कुणाच्या घरात पाऊल टाकत नाहीत. आणि आपल्या पुढच्या दाराला पायऱ्याच नाहीत! ते आपलं जमिनीपासून छातीइतकं उंच लटकलेलं. बाबांची शवपेटी त्यातून बाहेर नेली तेव्हा तेवढ्या फळ्या टेकवल्या होत्या आणि नंतर काढून घेतल्या. जावयाने काय उडी मारून आत यायचं? म्हणून मी पायऱ्या बांधायला घेतल्या.

आता शॅग कोव्हमध्ये एकटा राहणारा माणूस स्वतःच्या पुढच्या दाराला पायऱ्या बांधू लागला तर गाव काय समजेल, हे गावात जन्मलेल्या कुठल्याही गाढवाला कळलं असतं. मला नाही कळलं. पहिली फळी ठोकली त्याच संध्याकाळी मूसच्या मटणाचा रस्सा आला. मग पाव, मग बेरीचा जॅम. येणारा प्रत्येकजण माझ्याकडे डोळे भरून बघायचा आणि पाठीवरून हात फिरवायचा. माझ्या पायऱ्यांचं कौतुक चाललंय असं समजून मी नम्रपणे म्हणायचो, "चालायचंच, कधीतरी करायलाच हवं होतं." ते ऐकून बायका पदर, म्हणजे ॲप्रन, डोळ्याला लावायच्या.

एके दुपारी पुढचं दार वाजलं. माझं काळीज लक्कन हललं, कारण ते दार वाजवतो एक पोलीस नाहीतर पाद्री. आमचं दार रंगाने आणि ओलीने फुगून चिकटलेलं, उघडेना. मी आतून ओरडलो, "कोण गेलं हो?" बाहेरून पाद्रीबाबा अगदी हळू आवाजात म्हणाले, "ॲम्ब्रोज, अजून आहेस ना बाबा? मनाला शांती आहे?" मी म्हटलं, "शांती कसली, गेलं कोण ते सांगा!" ते काही बोलणार तोच माझी तिसरी पायरी मोडली आणि पाद्रीबाबा प्रार्थनेच्या पुस्तकासह कमरेपर्यंत त्या भगदाडात गेले. त्या अवस्थेतही त्यांनी माझ्यासाठी प्रार्थना पुरी केली, हे मात्र मानलं पाहिजे.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. त्याच घटकेला गावाला खरं सांगायचं होतं. पण फिलू, तुझ्यापासून काय लपवू, रस्सा फार चांगला झाला होता. मी आणखी थोडे दिवस मरत राहिलो.

मला पकडलं डॉर्कस पार्डीने. (टेकडीवरची, नवरा बोटीबरोबर बुडाला ती.) वाटाण्याचं सूप घेऊन मागच्या दाराने आत आली, मला तिसऱ्यांदा वाढून घेताना बघितलं आणि म्हणाली, "मेल्या, मरणाऱ्याची भूक अशी असते होय? आण इकडे तो हातोडा!" तिने पायऱ्या साफ उखडल्या आणि पुन्हा बांधल्या. मी खिळे धरले. (दोन वाकडे निघाले, ते तिने माझ्याच हातावर ठेवले.) डॉर्कसकडून खरं कळल्यावर गावाने माझ्याशी बोलणं सोडलं होतं, ते आता हळूहळू सुरू झालं आहे. भांडी अजून परत मागताहेत.

गॉर्डनरावांना नमस्कार. लोकरीचे मोजे भरपूर आणा.

तुझा,
ॲम्ब्रोजदादा

ता. क. डॉर्कस रोज येते. आधी पायऱ्या बघायला यायची, आता पायऱ्यांकडे बघतसुद्धा नाही. गॉर्डनरावांनी आपलं मागच्या दारानेच यावं, पुढच्या पायऱ्या दुसऱ्या कामासाठी ठेवल्या आहेत.

दुसरा ता. क. लाज वाटते, पण लिहितो. जुलैत आमचं लग्न आहे. पाद्रीबाबा लंगडत का होईना, येणार आहेत. डॉर्कस म्हणते, "त्या दारातून आजवर तुमची माणसं बाहेरच गेली. एकदा कुणीतरी आत येऊ दे." म्हणून ती पुढच्या दारानेच घरात येणार. पण ते दार फक्त आतून ओढून उघडतं, आणि मी तर बाहेर तिच्या शेजारी उभा असणार. आतून उघडायला आपल्या घरचं माणूस हवं, आणि घरचं माझं तुझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही. कॉर्नर ब्रुकच्या हॉटेलातून ते उघडायचं नाही, फिलू.