बारकीची शाळा

तीर्थरूप आई, तुझ्या पायांवर डोकं ठेवते.

मी बरी आहे. खोकला गेला, जेवणही वेळेवर होतं. तुझे गुडघे कसे आहेत?

मी ज्या आजींना सांभाळते, त्यांना आता दिसत नाही. म्हणून दुपारी मी त्यांना जुन्या कादंबऱ्या वाचून दाखवते. कालच्या कादंबरीतल्या पोरीचं लग्न काकाने परस्पर ठरवलं होतं. पण तिला वाचता येत होतं. काकाने लपवलेलं पत्र तिच्या हाती लागलं. नवऱ्या मुलाची पहिली बायको जिवंत आहे, असं त्यात होतं. पोरीने ते भर मांडवात वाचलं आणि लग्न मोडलं.

मी म्हटलं, "हे गोष्टीतच होतं."

आजी म्हणाल्या, "तुला वाचता आलं नसतं तर मी तुला कामावर ठेवलं असतं का?"

मी सातवीपर्यंतच शिकले, पण हे गेल्यावर तेवढ्यानेच तारलं.

दादा म्हणतो, तुमच्याजवळ ठेवलेल्या माझ्या लेकीची, बारकीची शाळा पुरे, स्थळ चांगलं आहे. आई, तिला निदान दहावी होऊ दे. दादा तुझा शब्द मोडणार नाही.

हे पत्र बारकीच तुला वाचून दाखवत असेल. इथे तिचा आवाज अडखळला तर तिला जवळ घे. आणि तुझं उत्तर तिच्याच हातून लिहवून पाठव.

तुझी थोरली