अकरा हजारांचा नारळ

॥ श्री सातेरी प्रसन्न ॥

फोंडा,
९ ऑगस्ट २०२४

ती. विनोदिनीआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पैशाचं बोलणं फोनवर नको, कागदावर मांडावं, असं तूच म्हणतेस. शिवाय डिचोलीच्या बाजारात दुकानादुकानांतून रोजची पिग्मी गोळा करताना तू फोन उचलतही नाहीस. म्हणून हे पत्र.

बी.एड.चं चांगलं चाललं आहे. खोलीतली सिद्धी घोरते, बाकी गुणी आहे.

जानेवारीतल्या जत्रेला तू नव्हतीस, म्हणून नीट सांगते. पावणीच्या लिलावात देवीपुढचा नारळ बोलीला निघाला. माझ्या पदवीचा कागद त्याच आठवड्यात घरी आला होता, घरातला पहिलाच, आणि बाबांची छाती फुगलेली. शंभरापासून बोली सुरू झाली. शेजारचे महादेवकाका दोन हजार म्हणाले, तर बाबा तीन. ते पाच, तर बाबा सहा. शेवटी अकरा हजारांना नारळ आपल्याकडे आला आणि बाबांनी वहीत नाव लिहायला सांगितलं ते माझं. नारळ फोडून मांडवात वाटला. एकेका तुकड्याची किंमत काढली तर दीडशेच्या वर जाते.

पैसे पुढच्या जत्रेपर्यंत द्यायचे असतात. राहिले तर नवी पावणी सुरू होण्याआधी बाकीदारांची नावं मांडवात मोठ्याने वाचतात. बाबा दुसऱ्याच्या ट्रकवर ड्रायव्हर, त्यांच्याकडे कुठून येणार? नाव माझं आहे, तर पैसेही मीच देईन असं ठरवलं आहे.

शिकवणीचे महिना चोवीसशे मिळतात, त्यातून तीन हजार साठले होते. बाकीचे मोबाइलवरच्या एका कर्जवाल्याकडून घेतले. दहा मिनिटांत मिळाले, ना जामीन ना कागद. मागितले आठ हजार, हातात आले सात हजार शंभर. फेडायचे आठवड्याला साडेआठशे, बारा आठवडे. ते नऊशे मधेच कुठे गेले, हे मला अजून समजलेलं नाही. तू सहकारी पतसंस्थेत इतकी वर्षं आहेस, तुला ठाऊक असेल. येत्या अठरा तारखेला, रविवारी, गावी जाऊन हाती आहेत ते सगळे भरून टाकते.

आणखी एक विचारायचं राहिलं. देवीच्या बाकीवर व्याज लागतं का गो? गावात तिघांना विचारलं, तिघेही नुसते हसले.

तुझा लोभ आहे तेवढा राहू दे, ओरडा थोडा कमी कर.

तुझी,
तनया


डिचोली,
१३ ऑगस्ट २०२४

चि. तनया हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र बसच्या कंडक्टरच्या हाती देते आहे, कारण पोस्टाने रविवारच्या आत पोचणार नाही. पैसे भरू नकोस. आधी हे वाच, मग उरलेलं.

देवीच्या बाकीवर व्याज नसतं, बाय. कधी नव्हतं. जगात बिनव्याजाचं एकच देणं तुझ्या वाट्याला आलं आणि ते फेडायला तू व्याजाचं कर्ज काढलंस. पदवी कशात मिळाली ते पुन्हा एकदा कळव.

ते नऊशे त्यांनी कर्ज देण्याआधीच कापून घेतले. सात हजार शंभर देऊन ते दहा हजार दोनशे घेणार. ते सोड. आठवड्याला साडेआठशे म्हणजे महिन्याला चौतीसशे. चोवीसशे मिळवणारी मुलगी चौतीसशे कुठून देणार? मग दुसऱ्या मोबाइलवाल्याकडे जाणार. माझ्या गिऱ्हाइकांतले दोघे असेच गेले, आता मला बघितलं की दुकान सोडून मागच्या दाराने जातात.

आलेल्या पैशांत तुझे साठवलेले घाल आणि ते खातं आजच बंद कर. उरतील ते हातचे म्हणून ठेव, देवीलासुद्धा देऊ नकोस. ताप आला, चष्मा फुटला तर परत कुणापुढे हात पसरायला नको. मग रोज थोडं बाजूला काढ. महिन्याच्या शेवटी उरेल ते ठेवीन म्हणशील तर काही उरत नाही, हे मी बावीस वर्षं बघते आहे. लोक पिग्मी व्याजासाठी ठेवत नाहीत. मी रोज दारात येऊन उभी राहते, म्हणून ठेवतात.

तोपर्यंत नाव वाचतील तर वाचू देत.

माया आहे म्हणून लिहिलं, तेवढं समजून घे.

तुझी,
विनोदिनीआत्या


फोंडा,
२० ऑक्टोबर २०२४

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

कर्जवाल्याचं खातं त्याच दिवशी बंद केलं. आठ हजार आणि वर तीनशे घेतले. अठराशे उरले, ते निराळ्या खात्यात आहेत. एका दिवसाच्या उत्साहाचे बाराशे गेले. बाराशेत माझी दोन महिन्यांची बस झाली असती.

तू म्हणालीस, दारात कुणीतरी उभं राहावं लागतं. डिचोलीहून तू रोज येणार नाहीस, म्हणून सिद्धीला नेमलं. संध्याकाळी सात वाजता ती दारात येते, तुझ्यासारखी छत्री काखेत धरते आणि हात पुढे करते. तीस रुपये दिल्याशिवाय आत येत नाही. एकदा मी पैसे नाहीत म्हटलं, तर ‘उद्या तू मागच्या दाराने जाणार का?’ असं तिने विचारलं. तुझं पत्र तिने वाचलं आहे, हे तेव्हा कळलं.

मला गंमत वाटते ती ही की तीस रुपये कमी पडत नाहीत. ते कुठून येतात, हे पंधरा दिवस लिहून काढलं. दुपारचा दुसरा चहा, आणि मैत्रिणी सरबताला थांबल्या की मीही थांबायचे, ते. आता थांबते, पण सरबत घेत नाही. पहिल्या दिवशी लाज वाटली. चौथ्या दिवशी आणखी एकीने घेतलं नाही.

जत्रेपर्यंत साडेचार हजार होतील. साडेसहा बाकी राहतील. नाव वाचलं जाणार, आणि तेच बाबांना सांगायचं धैर्य होत नाही.

आठवण ठेव, राग धरलास तर पत्रातच धर.

तुझी,
तनया


फोंडा,
२० जानेवारी २०२५

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

काल घरी आले तेव्हा देवळाच्या कमिटीकडे साडेचार हजार भरले, पावती देवाऱ्यात ठेवली आहे. तुमच्याशी बोलायचं होतं, पण तुम्ही ट्रक घेऊन वास्कोला गेला होता.

आईने सांगितलं, माझं नाव वाचलं जाऊ नये म्हणून तिच्या पाटल्या तुम्ही सोसायटीत गहाण ठेवणार आहात. बाबा, ठेवू नका. पाटल्यांवर व्याज चढेल, देवीच्या बाकीवर चढत नाही. ही चूक मी ऑगस्टमध्ये करून बसले आहे, आत्याला विचारा. घरात एकाने केली तेवढी पुरे.

नारळ तुम्ही माझ्या आनंदात घेतलात, त्याबद्दल मला वाईट वाटत नाही. पण नाव वाचलं म्हणजे आपण बुडवलं असं होत नाही. महिन्याला नऊशे देईन, गणपतीच्या चवथीच्या सुमाराला संपेल. शनिवारी, नेमकी जत्रेच्या दिवशी, माझा परीक्षेचा पाठ आहे, नाहीतर नाव वाचताना मीच उभी राहिले असते. माझ्या जागी तुम्ही उभे राहाल का? मान खाली न घालता, एवढंच मागते.

आशीर्वाद आहेतच, शनिवारी थोडे जास्त असू द्यात.

तुमची,
तनया


२८ जानेवारी २०२५

चि. तनयास,
आशीर्वाद.

मला पत्र लिहायची सवय नाही. अक्षर लागलं नाही तर सिद्धीकडून वाचून घे.

शुक्रवारी संध्याकाळी पाटल्या रुमालात बांधल्या होत्या. तुझ्या आईने रुमाल सोडला, पाटल्या हातात घातल्या आणि पेज वाढायला गेली. मग मी सोसायटीत गेलो नाही.

शनिवारी नावं वाचली. तुझं चौथं. तनया कृष्णनाथ परब, साडेसहा हजार. मी उभा राहिलो. मान वर होती, महादेवला विचार. म्हटलं, पोर शिकते आहे, महिन्याला नऊशे देणार, चवथीपर्यंत संपवणार. सेक्रेटरी म्हणाला, महिन्या महिन्याने घेतात असं कुठे लिहिलं आहे? तर मागून महादेवच म्हणाला, घेत नाहीत असं तरी कुठे लिहिलं आहे. लोक हसले. सेक्रेटरीने लिहून घेतलं. मग आणखी तिघे उभे राहिले, आम्हालाही तसंच लिहा म्हणाले. त्यांची बाकी तुझ्याहून जुनी. त्यातला एक तर चार वर्षं जत्रेलाच येत नव्हता, यंदा मागे खांबाआड उभा होता.

मग नारळ निघाला. सगळा मांडव माझ्याकडे बघायला लागला. मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसलो. महादेव सातशे म्हणाला आणि थांबला. माझ्याकडे बघितलं. मी वर बघितलं. तो आणखी थोडा थांबला. सातशेला नारळ गेला. त्याने तिथल्या तिथे रोख दिले, पण त्याचं तोंड उतरलं होतं. घरी येताना मला म्हणाला, कृष्णनाथ, बरं नाही का तुला?

पाठ कसा झाला ते कळव. जीव लावतेस तसा लावत राहा.

तुझा,
बाबा