लायबेरियाहून आलेली तुमची विद्यार्थिनी

बाबा, परवा रविवारी तुमची एक विद्यार्थिनी आमच्याकडे जेवायला आली होती. लायबेरियातली. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तिचा मेसेज आला तेव्हा मी तो आधी फसवणुकीचाच समजले. ती म्युनिकला कसल्याशा ट्रेनिंगसाठी आलीये, आडनावावरून तिनं मला शोधून काढलं. मी तिला आणायला इथल्या रेगेन्सबर्ग स्टेशनवर गेले. उंच, चाळिशीकडे झुकलेली बाई. माझ्याकडे बघून म्हणाली, "कपाळ अगदी सरांचं." मी हसले. काहीतरी वाटायला हवं होतं, पण मी पर्समध्ये पार्किंगचं तिकीट शोधत होते.

आयटीआयमधून निवृत्त झालात आणि तुम्ही तिकडे कॉम्प्युटर शिकवायला निघून गेलात. मला आठवा महिना लागला तेव्हा मी फोन केला होता. आई नव्हतीच. म्हटलं, "बाबा, थोडे दिवस इथे या ना. मला आपलं माणूस हवंय." लाइनीत खरखर होती. तुम्ही म्हणालात, "बॅच अर्धी टाकून कसा येऊ गं? या पोरांचं सगळं शिक्षण युद्धानं खाल्लंय." मग बाळंतपण मी, माझ्या नवऱ्यानं आणि एका जर्मन सुईणीनं निभावलं. नातू तुम्ही फोटोतच पाहिलात. परत आलात ते आजारी होऊन, आणि मला तिकीट मिळेपर्यंत गेलात.

ती आमच्या किचनमध्ये बसून वरणभात हातानं जेवत होती. तिला तो तुमच्यामुळेच माहीत. जेवता जेवता सांगत होती, "आम्ही न विचारता काही केलं की जिवावर बेतायचं, अशा दिवसांत वाढलो. म्हणून वर्गात मी प्रत्येक बटणाला विचारायचे, 'दाबू का, सर?' एकदा सर चिडले. म्हणाले, 'मला विचारू नकोस. दाब. बिघडलं तर मी दुरुस्त करीन.' मी भलतंच काहीतरी दाबलं आणि स्क्रीन काळी झाली. सर स्क्रूड्रायव्हर घेऊन आले, तो माझ्या हातात दिला आणि म्हणाले, 'चला, आता खरी मजा.'"

मी तिला आणखी भात वाढला. आपला हॉल डोळ्यांसमोर आला. कॉम्प्युटरवर आईनं शिवलेलं फुलाफुलांचं कव्हर आहे, ते बाजूला करून तुम्ही बसला आहात, आणि मी खुर्चीमागे उभी आहे. मी हात पुढे करते. तुम्ही मान न वळवता म्हणता, "हात लावू नकोस, मोडेल." मी हात मागे घेते. आता मी इथल्या कार कारखान्यात सॉफ्टवेअर तपासते. सगळे म्हणतात, वडिलांचं बाळकडू. जा, जा, म्हणते मी.

तो वर्ग आता तीच चालवते. जनरेटर चालू असेल तेवढा वेळ. तिच्याकडे शिकलेली एक मुलगी इस्पितळात पेशंटच्या नोंदी सांभाळते, दुसरीनं बाजारात मोबाइल दुरुस्तीची टपरी टाकलीय. "आधी त्या नजर वर करून बोलत नव्हत्या," ती म्हणाली. "आता गिऱ्हाइकाशी भांडतात."

लेक इतका वेळ नुसता ऐकत होता. मध्येच त्यानं मला जर्मनमध्ये आजोबांबद्दल विचारलं, "ओपा हसायचे का?" मी तिला तो प्रश्न सांगितला.

"सर? सारखे!" ती म्हणाली. "इतके की शिकवणं थांबवावं लागायचं."

लेकाला बरं वाटलं. मी उठून भांडी मशीनमध्ये लावायला लागले.

संध्याकाळी मी तिला सोडायला गेले. वर्गात लावायला तिला तुमचा फोटो हवाय, पाठवते म्हटलं. प्लॅटफॉर्मवर तिनं मला मिठी मारली. मी तिच्या पाठीवर थोपटलं, जसं आपण दुसऱ्याच्या घरच्या दुःखात थोपटतो तसं. तुम्ही तिथे कधी माझ्याबद्दल बोलायचात का, एवढंच मला तिला विचारायचं होतं. गाडीला वेळ होता. तरी विचारलं नाही, बाबा. ती 'हो' म्हणाली असती तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही.