कॅमेरा चामड्याच्या पेटीत ठेवायचा नाही

लिहून ठेवते मी, सुगंधाबाई, दादाजी नंदनवार यांची विधवा, वय अंदाजे एकसष्ट, धंदा फोटो काढणे, राहणार नागभीड, तहसील ब्रह्मपुरी, जिल्हा चांदा. माझं डोकं ठिकाणावर आहे आणि नजर शाबूत आहे. हे मृत्युपत्र लिहायला मला कोणी बसवलेलं नाही. लिहू नका म्हणून मात्र दोन माणसं सांगून गेली. दोघंही माझे दीर गुणवंतराव यांनी पाठवलेली होती.

कलम १. माझा लाकडी, भात्याचा कॅमेरा, दोन्ही भिंगं, तीन पायांचं तिकाटणं आणि काळा कपडा मंगली मडावी हिला मिळावा. गुणवंतराव म्हणतात, कॅमेरा भावाचा, म्हणजे घराण्याचा. म्हणून झालं ते लिहिते.

माझे यजमान १९४६ च्या ज्येष्ठात तापाने गेले. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी दीर आले. "वयनी, तुमी बाईमानूस. कॅमेरा घेऊन का कराल?" असं म्हणून त्यांनी तो चामड्याच्या पेटीत घातला आणि पेटी आपल्या धानाच्या खोलीत ठेवली. सगळा पावसाळा ती तिथेच होती. दसऱ्याला मी जाऊन पेटी उघडली. मोठ्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढरी बुरशी चढली होती, भात्याला भोकं पडली होती, लाकूड फुगून काचेची चौकट सरकत नव्हती. दीर म्हणाले, "आता न्या. कामाचा नाई राह्यला." मी तो पेटीसकट डोक्यावर घेऊन भरबाजारातून घरी आणला.

मंगली तेव्हा जंगलातल्या गावाहून कोळसा विकायला येत असे. तिने पेटी हुंगली. "बाई, चामडं पानी पिते. बियानं कोनी चामड्यात ठेवते का?" तिच्याकडे बियाणं राखेत, कोरड्या टोपलीत राहतं. तिच्या त्या एका बोलण्यावर आम्ही दोघी कामाला लागलो. भिंगं पुसली, भात्याला आतून काळं कापड चिकटवलं, लाकूड घासलं. मोठ्या भिंगाच्या कडेचा डाग गेला नाही. त्या डागासह मी बारा पावसाळे फोटो काढले आहेत.

कलम २. मंगलीला हे तोंडपाठ आहे, तरी लिहून ठेवते, कारण उद्या कोणी शहाणा तिला शिकवायला येईल. कॅमेरा पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा. खाली, ओल पिण्यासाठी, तव्यावर लाल होईतो भाजलेले तांदूळ, दुहेरी कापडाच्या पिशवीत, म्हणजे पीठ काचेवर उडत नाही. वर लाकडी फळी, फळीवर कॅमेरा. पावसाळ्यात दर आठव्या दिवशी तांदूळ पुन्हा भाजावे. ऊन पडलं की भिंगांना अर्धा तास ऊन दाखवावं, पण जवळ बसून. एकदा मी उठून गेले आणि त्या भिंगाने माझं वाळत घातलेलं लुगडं जाळलं.

कलम ३. चामड्याची पेटी मी जपून ठेवली आहे. ती गुणवंतरावांना द्यावी. दुसरं काही देऊ नये.

कलम ४. स्टेशनजवळचं दोन खोल्यांचं घरही मंगलीचं. "गोंडाच्या बाईले घर देता?" असं गल्लीत विचारतात. देते. अकरा वर्षं काळ्या कपड्याखाली माझ्या बरोबरीने तीच उभी आहे, आणि माझा हात कापायला लागल्यापासून निम्मे फोटो तिचेच आहेत. दोन वर्षांपूर्वी नवा कायदा आला. विधवेच्या ताब्यातली वस्तू आता तिच्या पूर्ण मालकीची आहे. घर माझं आणि कॅमेराही माझा.

कलम ५. माझी धाकटी जाऊ, गुणवंतरावांची बायको शकुबाई, हिच्या फोटोची काच, जिच्यावरून फोटो छापतात ती, मंगलीकडे राहावी. १९५१ साली एका दुपारी ती दाराशी आली. "हे घरी नाईत. बाई, माहा फोटो काढता का?" मी काढला. कॅमेऱ्यासमोर ती हसली. त्या घरात मी तिला तशी कधी पाहिली नव्हती. चार वर्षांनी ती वारली, तेव्हा तिचं दुसरं एकही चित्र कोणाकडे नव्हतं. दीर माझ्या उंबऱ्याबाहेर येऊन उभे राहिले.

"वयनी, तिचा फोटो पाहिजे होता."

मी विचारलं, "कोणाच्या कॅमेऱ्याने काढला, भाऊजी?"

ते म्हणाले, "तुमच्या."

मी फोटो दिला. तो हातात धरून ते तिथेच पायरीवर बसले. मला तेव्हा वाईट वाटलं, आजही वाटतं. म्हणून सांगते, ते मागतील तितक्या वेळा मंगलीने त्यांना त्या काचेवरून नवा फोटो छापून द्यावा. काच मात्र देऊ नये. ती ते कुठे ठेवतील हे मला माहीत आहे.

कलम ६. मी मेल्यावर मला टेकवून बसवून फोटो काढू नये. मी मेलेल्यांचे खूप काढले. कोणालाच ते आवडत नाहीत.

हा कागद मी माझ्या हाताने लिहिला. ब्रह्मपुरीच्या अर्जनविसाला दाखवला तेव्हा तो म्हणाला, "साक्षीदार म्हनून बाया चालत नाई."

मी म्हटलं, "कायद्यात कुठं लिहिलं आहे ते दाखवा."

त्याने चष्मा लावला, पुस्तक काढलं, पानं उलटली. मी समोर बसून राहिले. शेवटी त्याने पुस्तक मिटलं. "लिहिलं तं नाई," म्हणाला.

सही: सुगंधाबाई दादाजी नंदनवार, फोटोवाली

माझ्यासमोर सही झाली:
१. रुखमा वारलू कुंभरे, सुईण, नागभीड (सही)
२. बुधरी मुखरू शेंडे, भाजी विकणारी, नागभीड (डाव्या हाताचा अंगठा)

मुक्काम नागभीड, दिनांक १९ नोव्हेंबर १९५८